निरंक

मी माझ्या सख्ख्या भाचीला कागदावर पूर्ण दिवसांची करून टाकली. ती सातमाशी होती.

ऐंशीच्या दशकात मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका सरकारी आरोग्य केंद्रात कारकून होतो. धाकटी बहीण जवळच्याच गावात दिलेली. तिचा नवरा मुंबईला गोदीत. शिमग्याला आला, पालखी देवळात परतली तसा गेला. मुलगी झाली दिवाळीत. पाणवठ्यावर बायका बोटांवर महिने मोजू लागल्या.

"शिमग्याची पेरणी नि दिवाळीत कापणी? बियाणं कुणाचं म्हणायचं गो?"

बहिणीची सासू माझ्याकडे आली. "पावनं, नऊ भरले असं लिवा. सातमाशी म्हटलं तर कोन मानायचं नाय. पोरगा शिमग्याच्या आधी गुपचूप येऊन गेला, असं सांगतंय मी सगल्यांना."

मी लिहिलं. अशी अब्रू मी आणखीही काही घरांची राखली होती.

पुढच्या वर्षी सरकारने अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणांची माहिती मागवली. जिथे ती जास्त, तिथे काचेची ऊबपेटी मिळणार होती, बाळं अशी लवकर का होतात ते शोधायलाही पैसे येणार होते. आमच्याकडून उत्तर गेलं, 'निरंक'. म्हणजे एकही नाही.

सही करताना डॉक्टर हसले. "भाऊसाहेब, आपल्याकडच्या बायका फारच वक्तशीर दिसतात."

मीही हसलो. बोलायचं होतं, पण मग भाचीचंही खरं सांगावं लागलं असतं. अनुदान दुसरीकडे गेलं.

बहिणीला पुन्हा दिवस गेले आणि पुन्हा सातव्यातच कळा आल्या. मुलगा झाला. रडलासुद्धा. कापसात गुंडाळून आम्ही भोवती गरम पाण्याच्या बाटल्या लावल्या. रत्नागिरीला न्यायला जीप मिळेपर्यंत त्याचे तळवे गार पडले होते.

"दादा, ती पेटी आपल्याकडे का नाय रे?" बहीण विचारत राहिली. मी बाटल्यांतलं पाणी बदलत राहिलो.

पेटी असती तर तो जगलाच असता, असं डॉक्टरही म्हणाले नाहीत. पण त्याने माझी सुटका होत नाही.

परवा भाचीच्या डोहाळजेवणाला गेलो, तेव्हा बहिणीला मागच्या पडवीत बोलावलं. म्हणालो, "तुझ्या मुलीचे दिवस मी खोटे लिहिले. इतरांचेही. म्हणून पेटी आली नाही. तुझी अब्रू राखली, असं मनाला सांगत आलो; पण तुला एकदाही विचारलं नाही. आता तिच्या डॉक्टरांना खरं सांग, ही सातमाशी आहे म्हणून; तिलाही लवकर कळा येऊ शकतात. आणि मला क्षमा कर गो."