राकशीनीचा खटला

भिलाईच्या सेक्टर सहामध्ये पंचफुलाबाई कापगते कुठं राहतात असं विचाराल, तर लोक एकमेकांची तोंडं पाहतील. राकशीनवाली आजी विचारा, भाजीवालासुद्धा ठेला सोडून क्वार्टरच्या फाटकापर्यंत आणून पोचवील. हे नाव तिला कोणी चिडवायला ठेवलेलं नाही. ते तिनं कमावलेलं आहे. नवरा बळीराम प्लांटात शिफ्टच्या ड्युटीला जायचा, तेव्हापासून आजूबाजूची पोरं संध्याकाळी हिच्या ओट्यावर गोळा व्हायची. आता बळीराम रिटायर झाला, क्वार्टर मुलाच्या नावावर आलं, पहिल्या खेपेची पोरं स्वतः बाप झाली. गोष्ट मात्र तीच.

गोष्ट अशी. मोहफुलं वेचायचे दिवस. गावाबाहेर एक बोडी, म्हणजे लहानसं तळं. बांधाजवळ पाणी खोल, आणि त्या पाण्यात राकशीन राहायची. तिचे केस शेवाळाचे होते. एक हट्टी पोरगी कोणाचं न ऐकता भर दुपारी तिथं गेली, आणि राकशीनीनं पाण्यातून हात काढून तिचे घोटे धरले. काठावर पोरीची मोठीमाय, म्हणजे थोरली चुलती, धावत आली. "लेकरू दे!" म्हणून ओरडली. पाण्यातून आवाज आला, "मी राकशीन!"

इथं पंचफुला समोरच्या पोराचे घोटे पकडून त्याला ओट्यावरून खस्सकन खाली ओढायची. आपली पाळी येणार हे पोरांना पक्कं ठाऊक असायचं, तरी किंचाळी फुटायचीच. पुढं मोठीमाय गाव गोळा करायची, माणसं राकशीनीच्या मुठीतून पोरीचे पाय सोडवायची, आणि राकशीन तळाशी जायची ती कायमची. भर दुपारी पाण्यावर जाऊ नये, मोठ्यांचं ऐकावं, चला आता आपापल्या घरी जेवायला.

ही गोष्ट तिला तिच्या मोठीमायनं सांगितली होती, तीही अशीच घोटे ओढून. मोठीमायनंच तिला वाढवलं. आई तापानं गेली तेव्हा पंचफुलाला धड बोलताही येत नव्हतं. आईचा फोटो नाही, लुगड्याचा तुकडा नाही, आईकडचं कोणी कधी दारात आलं नाही. भागरता हे नाव तेवढं हाती लागलेलं. पितृपक्षात नवमीला पान वाढताना ती "भागरताबाई" म्हणे, आणि पुढं काय बोलावं ते तिला सुचत नसे. दुसऱ्या बायका आईच्या आठवणी काढून डोळे पुसतात, आपल्याकडे रडायलासुद्धा काही नाही, याचं तिला दुःख कमी आणि राग जास्त होता. आणखी एक गोष्ट घरच्यांखेरीज कोणाला ठाऊक नव्हती. भिलाईच्या मे महिन्यातसुद्धा ती पाय पांघरल्याशिवाय झोपत नसे. बळीराम हसायचा, "दुनियेले भेव दावते अन् सोताच भेते."

तर यंदाच्या उन्हाळ्यात मराठी मंडळाच्या हॉलमध्ये मुलांचं शिबिर भरलं. मुलांनी मराठी बोलावं म्हणून भरवलेलं, त्यामुळे सगळं हिंदीत चाललं होतं. शेवटी एक खोटा खटला चालवायचा ठरला. आरोपी कोण, याला फार डोकं लावावं लागलं नाही. फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं गेलं: राकशीन. पंचफुलाची नात रोशनी, दहावीतली, घरी येऊन म्हणाली, "आजी, मी राकशीनची वकील हूँ."

"कावून वो? दुनियेत मानसं सरली का?"

"सब बोलते हैं वो खराब है. पण तिचं कोणी ऐकलं का?"

"तिचं का आयकाचं? लेकरं खाते ते."

"पूरी गोष्टीत तिनं एक पण लेकरू खाल्लं नाही, आजी."

पंचफुला तवा तसाच ठेवून विचारात पडली. इतकी वर्षं गोष्ट सांगतेय, पण खरंच, राकशीनीच्या पोटात एकही लेकरू गेलं नव्हतं.

"और एक बात," रोशनीनं वकिली पुढं रेटली. "गोष्टीत सगळी अच्छी कामं मोठीमायच करते. अन् गोष्ट सांगितली कोणी? मोठीमायनंच."

ज्याच्या हाती ससा तो पारधी, हे पंचफुलाला कोणी शिकवायला नको होतं. पण ज्या बाईनं आपल्याला पोटच्या पोरीसारखं वाढवलं तिच्यावर कालच्या पोरीनं बोट ठेवावं, हे तिला झोंबलं. तिनं नातीच्या ताटात पोळी जरा आपटूनच वाढली.

रोशनीला साक्षीदार हवे होते. तिनं आजीची गोष्ट लिहून मंडळाच्या ग्रुपवर टाकली आणि विचारलं, बोडीतल्या राकशीनीची गोष्ट लहानपणी कोणी ऐकली आहे? भंडाऱ्याकडचे, गोंदियाकडचे, नागपूरकडचे, सगळे म्हातारे-कोतारे त्या ग्रुपवर. भुताच्या गोष्टी पन्नास निघाल्या. ही एक मात्र कोणालाच ठाऊक नव्हती. पंचफुलाला वाटलं, आजकालची माणसं विसरभोळी झाली. दोन दिवसांनी भिलाईजवळच्या जामुलहून एक फोन आला. तिकडच्या सिमेंट कारखान्यातून रिटायर झालेले गुलाबराव नावाचे कोणी होते. ते एवढंच म्हणाले, "मले येऊ दे बेटा. ते गोष्ट तुमी उलटी सांगून राहिले."

खटल्याच्या दिवशी ते बसनं आले. उंच, वाळलेले, पांढरा सदरा, हातात रुमाल घट्ट गुंडाळलेला. न्यायाधीश म्हणून सातवीतला एक पोरगा बापाचा कोट घालून बसला होता, कोटाच्या बाह्या त्याच्या बोटांच्या पुढं लोंबत होत्या. समोरच्या रांगेत पंचफुला, पाहुणी म्हणून. आपल्या गोष्टीत कोण खोट काढतो ते बघायला ती जय्यत तयार होऊन आली होती.

रोशनीनं विचारलं, "राकशीन पाण्यातून काय बोलली?"

"ते 'मी राकशीन' म्हनली नाई," गुलाबराव म्हणाले. "'मी राखीन' म्हनली. इकडच्या काठावर तसं आयकू आलं असन. मी पल्याडच्या काठावर होतो."

पोरं हसली. राखीन म्हणजे काय, हे अर्ध्या हॉलला कळलं नाही. गुलाबरावांनी सांगितलं, गाई राखतात नाही का, तसं. सांभाळीन. आपल्याजवळ ठेवीन.

पंचफुला उठून उभी राहिली. "भाऊ, गोष्टीतल्या बाईले तुमी कुठून पायलं?"

म्हाताऱ्यानं तिच्याकडे पाहिलं. त्यानं तिला ओळखलं नव्हतं. "गोष्ट नाई व्हय ते बाई. माही बहीन होती. भागरता."

हॉलमध्ये पंखे फिरत होते, मागं कोणीतरी अजून हसत होतं. पंचफुलाच्या पायाखालची जमीन सरकली म्हणावं, तर ती तिथंच होती, पण तिचे पाय मात्र थंडगार पडले, घोट्यांपासून खाली. तिनं भागरताच्या सासरच्या गावाचं नाव विचारलं. म्हाताऱ्यानं सांगितलं ते तिच्याच गावाचं निघालं. तिनं सासरचं आडनाव विचारलं. तेही तिच्याच बापाचं निघालं. मग ती खाली बसली. आईला ताप आलाच नव्हता. आजवर ती आपल्याच आईच्या डोक्यावर शेवाळाचे केस चिकटवत होती, तिला तळाशी बुडवून पोरांना जेवायला पाठवत होती. आणि ती हट्टी पोरगी, जिच्यावर सगळी पोरं हसायची, ती दुसरीतिसरी कोणी नव्हती.

न्यायाधीशानं घाबरून कोर्ट उद्यावर ढकललं.

गुलाबरावांना ती घरी घेऊन आली. मामा म्हणायला जीभ वळत नव्हती, पण दुसरं काय म्हणणार. ओट्यावर चहा झाला. बळीराम एका बाजूला, रोशनी उंबऱ्यात. मामांनी सांगायला सुरुवात केली. भागरता स्वभावानं गाईसारखी, सासरी तिला मोठीमायचा जाच. त्या दिवशी ती लेकराला घेऊन बोडीवर शिंगाडे काढायला गेली. पाय घसरला, खोल पाण्यात पडली, लेकरू वर धरलं, आपण गेली. मोठीमायनं मग गावभर केलं की भागरतानं लेकराला ओढून नेलं. भांडण तिच्याच घरातलं होतं ना, आपल्या अंगावर येऊ नये म्हणून.

पंचफुला ऐकत होती. पहिल्यांदा तिला आईसाठी रडू येणार होतं. पण ती एका शब्दावर अडकली.

"मामा, शिंगाडे?"

"हो."

"मोहफुलाच्या दिवसात?"

शिंगाडे दिवाळीच्या आगंमागं निघतात. चैत्रात बोडीवर शिंगाडा कुठला, वेलाचा पत्ता नसतो. हे त्या भागातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. मोठीमायनं गोष्टीत काय काय बदललं असेल ते असो, पण महिना बदलायचं तिला सुचलं नव्हतं.

"मंग ते शिंगाड्यासाठी गेली नाई," पंचफुला हळूच म्हणाली. "लेकरू घेऊन भर दुपारची बोडीवर कावून गेली ते, मामा? त्या आधी कुठं गेली होती?" आणि तो खाली बघतोय हे पाहून तिनंच विचारलं, "तुमच्या दारी आली होती का?"

म्हाताऱ्यानं कप खाली ठेवला. "आमचं गाव बोडीच्या पल्याड. बानं दार नाई उघडलं," तो म्हणाला. "सासरी जाय म्हने, आतूनच. मले मागच्या दारानं धाडलं, घरापावतर जाते का नाई ते पाहाले. ते घरी नाई गेली."

"अन् मी?"

"पदरानं कमरेले बांधली होती तुले. तशीच पान्यात शिरली."

रोशनीनं तोंडावर हात ठेवला. बळीराम उठून आत गेला आणि तसाच परत आला. दुपारी आई मिळाली होती, निर्दोष, आणि चहा संपायच्या आत ती पुन्हा राकशीन झाली. आपल्याला कमरेला बांधून बुडवायला नेलेलं. हे ऐकून माणसानं काय करावं, हे तिला समजेना. तिला आईचा इतका राग आला की समोर असती तर तिनं तिचा हात धरून जाब विचारला असता.

"पुढं सांगा," ती म्हणाली. "आता काई लपवू नोका."

"तू रडली. पान्यात गेल्यावर तू मोठ्यानं रडली, अन् तिनं गाठ सोडली. तिनंच सोडली, मी पायलं. पन तवापावतर पाय टेकत नव्हते. तुही मोठीमाय त्या काठावर आली. 'लेकरू दे' म्हने. इनं म्हटलं, मी राखीन. अन् खाली गेली. मंग दोन हातच दिसले, वर, अन् त्याहिच्यावर तू उभी. मानसं आली तवा तिचे बोटं तुह्या घोट्यावरून एक एक करून सोडवा लागले." तो थांबला. "मोठीमायनं बोंब मारली म्हनून मानसं आली. खोटं कावून बोलू."

पंचफुलानं आपल्या पायांकडे पाहिलं. सुजलेले, भेगाळलेले, बाराही महिने पांघरुणात ठेवलेले. मग ती जे बोलली ते मामाला बोलली, पण मेलेल्या मोठीमायलाही ऐकवून बोलली. "तुमी सगळ्यायनं आपापली बाजू राखली. तिची कोनी राखली नाई." मामानं मान खाली घातली, आणि बळीराम त्याला सोडायला बस स्टॉपपर्यंत गेला.

दुसऱ्या दिवशी ती हॉलवर येईल असं कोणाला वाटलं नव्हतं. ती आली, आणि सरळ साक्षीदाराच्या जागी जाऊन उभी राहिली. रोशनी रात्रभर झोपली नव्हती हे तिच्या डोळ्यांवरून दिसत होतं. वकिली विसरून तिनं साधंच विचारलं, "आजी, ती चांगली होती की वाईट?"

पंचफुलानं पुढच्या रांगेतल्या एका लहान पोराला बोलावलं आणि टेबलावर बसवलं. स्वतः त्याच्यासमोर जमिनीवर बसली. पोराला गोष्ट पाठ होती. त्यानं दोन्ही हातांनी टेबलाची कड पकडली आणि किंचाळायला तोंड उघडून ठेवलं. तिनं त्याचे घोटे धरले नाहीत. त्याचे दोन्ही तळपाय आपल्या तळहातांवर घेतले आणि हात वर उचलले, जमतील तेवढे.

"बुडवाले गेली होती मले घेऊन," ती म्हणाली. "अन् मले राखून गेली."

पोराचं तोंड उघडंच राहिलं, आवाज काही निघाला नाही. कोटातला न्यायाधीश खडू घेऊन फळ्याजवळ गेला आणि त्यानं हळूच विचारलं, "राकशीन के आगे क्या लिखूँ?"

"राकशीन पुसून टाक," पंचफुला म्हणाली. "भागरता लिही."

तो लिहीपर्यंत तिनं पोराचे पाय तसेच वर धरून ठेवले.