खर्चात बसलेली खोली

आमच्या शेजारणीला सगळी गल्ली कवळीवाली म्हणायची. दाताचे डॉक्टर तिच्याकडे जबड्यांची मापं पाठवायचे आणि ती घरात बसून कवळ्या करून द्यायची. स्वतःच साहेब, स्वतःच शिपाई. अशा माणसाला कर भरताना एकच आधार असतो. धंद्यापायी झालेला खर्च उत्पन्नातून वजा होतो, पण बिल हातात असेल तरच. त्यामुळे ती बिलासाठी दुकानात ठिय्या देऊन बसायची. प्लास्टर, मेण, पॉलिशचे ब्रश, कुरिअर, सगळ्याची बिलं तारीखवार लावलेली. दुकानदार करवादायचा, "अहो, एवढ्याशा ब्लेडचं कसलं बिल?" ती हलायची नाही. मी घरी कपडे शिवते. माझी बिलं पिशवीत कोंबलेली, निम्म्यांवर चहाचे डाग. आमचा करसल्लागार एकच. तो तिची फाइल माझ्यापुढे नाचवायचा, आणि माझा नुसता जळफळाट व्हायचा.

तिची खोली मागच्या बाजूला होती. तिथे नळ होता, उजेड होता, म्हणून कामाचं टेबल तिथेच. आणि समोरच्या भिंतीला तिच्या वडिलांची खाट. म्हातारे दम्याचे. पुढच्या खोलीत रस्त्याची धूळ आणि धूर, म्हणून तेही तिथेच. मशीनवर घासायचं काम ती दार लावून मोरीत करायची, त्यांच्या छातीला त्रास नको म्हणून. उरलेला दिवस बाप खाटेवर, लेक टेबलाशी, मध्ये रेडिओ. मला हेवा वाटायचा, खोटं का बोलू?

म्हातारे उभी हयात एका गोदामाच्या वजनकाट्यावर होते. मालाच्या गाड्या मोजायच्या. वजन वाढवून लिहा म्हणून पैसे द्यायला येणारे कमी नव्हते. यांनी कधी घेतले नाहीत, म्हणून बढतीही कधी मिळाली नाही. हाताखालचे पुढे गेले, हे काट्यावरच राहिले. त्याबद्दल कधी कुरकुर नाही. उलट मिशीतल्या मिशीत हसून सांगायचे, "मी मोजलेलं कुणी परत मोजत नसे."

मग डॉक्टरांनी कामं मोठ्या कारखान्यात पाठवायला सुरुवात केली. तिची मिळकत आटली, औषधं वाढली. कराचा नियम बघा, दुसऱ्याच्या कवळीचं प्लास्टर खर्चात बसतं, स्वतःच्या बापाचं औषध बसत नाही. सल्लागार म्हणाला, "कामाच्या खोलीचं भाडं आणि वीज दाखवा की. बरंच सुटेल. फक्त ती खोली निव्वळ कामाचीच हवी. तिथं दुसरं काही नाही ना?"

तिने फाइल मिटली. मग म्हणाली, "नाही."

बिलाशिवाय ब्लेड न घेणारी बाई, आणि तिथे घसरली. मी तिला दोष देत नाही. बुडत्याला काडीचा आधार.

दोन वर्षं सुखात गेली. मग पत्र आलं की अमुक तारखेला अधिकारी कामाची जागा बघायला येतील. त्या सकाळी आम्ही दोघींनी खाट उचलून माझ्या घरात आणली. गादी, उशी, रेडिओ, सगळं. म्हाताऱ्यांनीही माझ्याकडेच येऊन बसायचं ठरलं होतं. पण हा अधिकारी जगावेगळा निघाला, वेळेच्या आधी आला. म्हातारे पुढच्या खोलीत चपला शोधत होते.

खोली बघून झाली. टेबल, मशीन, फाइल, कशातच बोट ठेवायला जागा नव्हती. निघताना त्याने सहज विचारलं, "हे कोण?"

"मी हिचा बाप," म्हातारे म्हणाले.

"इथंच राहता का? खाट तर कुठं दिसत नाही."

कवळीवालीने फाइल छातीशी धरली. म्हाताऱ्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं.

"नाही. मुलाकडं असतो. चार दिवस पाहुणा म्हणून आलोय."

त्याने ते लिहून घेतलं. "गरज पडली तर परत येऊ, न कळवता," असं म्हणून गेला.

मला हायसं वाटलं. मी खाट परत आणायला उठले, तर म्हातारे म्हणाले, "राहू द्या तिकडंच." आणि पुढच्या खोलीत सतरंजीवर पडून राहिले. रात्रभर खोकत होते. भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू येत होतं. चौथ्या दिवशी त्यांनी पिशवी भरली.

"बाबा, कुठं निघालात?"

"मुलाकडं. चार दिवस झाले."

"डोकं फिरलंय का तुमचं? दादा वर्षातून एकदा फोन करतो! मी दंड भरते, खोली काढून टाकते कागदावरून, पण तुम्ही जाऊ नका."

"दंड कुठून भरशील? मशीन विकून? मग खाशील काय?" ते पिशवीची गाठ मारत राहिले. "तो माणूस परत आला आणि मी इथं सापडलो, तर तुझं वाटोळं होईल. आणि माझ्या तोंडचं त्याच्या कागदावर आहे. ते खोटं ठरायला नको."

मीही पुष्कळ समजावलं. पण सबंध जन्मात एकदाच खोटं बोललेला माणूस होता तो. आम्हाला पचतं, त्याला पचेना.

मुलाने ठेवून घेतलं, नाही असं नाही. झोपायला बंद केलेली बाल्कनी दिली. फोनवर म्हातारे "मजेत आहे" म्हणायचे आणि खोकला आला की फोन ठेवायचे. थंडीत छाती भरली. भावाचा फोन आला तशी ती भाड्याची गाडी करून धावली, बाबांना घरीच घेऊन येते म्हणाली. पोचली तेव्हा ते दवाखान्यात होते, शुद्धीवर. लेकीला पाहून पहिला प्रश्न कोणता केला?

"आला होता का तो परत?"

"नाही, बाबा. कुणी नाही आलं. घरी चला."

"येईल," ते म्हणाले. संध्याकाळी गेले.

तो अधिकारी शेवटपर्यंत परत आला नाही. खर्च मान्य असल्याचं पत्र मात्र आलं. त्यावर हाताची सहीसुद्धा नव्हती, छापलेली होती. मी त्या माणसाला मनातल्या मनात किती शिव्या घातल्या! पण त्याने तरी काय केलं होतं? एक साधा प्रश्न विचारला होता.

वर्ष संपलं. आम्ही दोघी आपापली बिलं घेऊन सल्लागाराकडे गेलो. तिची फाइल तशीच, तारीखवार. तो भराभर पानं उलटत होता. एका बिलापाशी थांबला.

"गाडीभाडं? एवढं? डॉक्टरांकडं माल पोचवायला गेला होता का?"

"नाही. बाबांना आणायला."

"मग हे घरचं झालं." त्याने बिल काढून तिच्यासमोर ठेवलं. "धंद्याच्या खर्चात बसत नाही."

तिने ते उचललं नाही. आवाजही चढवला नाही.

"धंद्यापायीच घर सोडलं त्यांनी," ती म्हणाली. "धंद्यातच लिहा."