सांधलेल्या जागी तिसरं

सिंदेवाहीकडच्या एका गावात प्रेमिला मांदाडेला तिसऱ्यांदा दिवस गेले, ते २००५ च्या आषाढात. रिंकू आणि प्रफुल ही आधीची दोन्ही मुलं सिझरची. सासू मीराबाईंनी मार्कंड्याच्या महादेवाला नवस बोलला, नातीचं नाव ठरवलं आणि चार घरी ते सांगूनही टाकलं. प्रेमिला धानाच्या रोवणीच्या चिखलात गाणी म्हणत होती.

सातव्या आठवड्यात थोडं रक्त दिसलं. दुखत काहीच नव्हतं. चंद्रपूरच्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी दोनदा केली. गर्भ पिशवीच्या पोकळीत नव्हता, सिझरच्या जुन्या व्रणात रुतला होता. ठोके चालू होते. पुढची भिंत दोन मिलिमीटर उरली होती. वाढू दिलं तर व्रण फाटेल, पोटात रक्तस्राव होईल, पिशवी आणि जीव दोन्ही जाऊ शकतात. साधी सफाई केली तरी रक्त आवरणार नाही. इंजेक्शनचा उपाय आहे, पण ठोके असताना त्याचा भरवसा कमी, आणि मध्येच रक्त सुटलं तर पावसात गावाहून इथं यायला अर्धा दिवस. तेव्हा पोट उघडून गर्भ काढायचा आणि भिंत पुन्हा शिवायची, असं बाईंनी सांगितलं.

मीराबाई म्हणाल्या, महिनाभर थांबा, वर सरकेल. मनसारामनं आईला मान डोलावली, डॉक्टरीणबाईंनाही डोलावली. तो गावच्या तळ्याची आणि त्याच्या मातीच्या बांधाची, पाळीची, राखण करणारा. प्रेमिलानं त्याला बाहेरच्या बाकावर बसवलं.

"मागच्या साली पाळीत खेकड्यानं बीळ कुठी केलं होतं?"

"जुन्या भगदाडावर. आपण माती भरली होती तिथी."

"मंग महिनाभर पाहत बसले होते का तुमी?"

बसला नव्हता. भर पावसात, कोणाला न विचारता, त्यानं सांडवा फोडून पाणी उतरवलं होतं. मच्छीमार सोसायटीचे रोहू मासे धानाच्या बांध्यांत, उभ्या पिकात शिरले. अख्खं गाव लुगडी आणि मच्छरदाण्या घेऊन मागे धावलं. सोसायटीचे अध्यक्ष पत्रूभाऊ मनसारामला शिव्या देतादेता घसरून मरळ माशावर बसले, आणि मासा त्यांच्यासकट दोन हात पुढे गेला. तळं मात्र राहिलं.

पत्रूभाऊंची ती बैठक आठवून प्रेमिलाला हसू फुटलं. मग मनसारामला. शेवटी मीराबाईंनीही तोंडात पदर कोंबला. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. हसणारं कुटुंब पाहून यांना काही कळलेलं नाही असं त्यांना वाटलं आणि त्या पहिल्यापासून समजावू लागल्या. मनसारामनं हात जोडले.

"समजलं बाई. भरल्या जागी बीळ हाय. पाणी उतरवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी, रात्रीच गावाहून निघून, रक्त द्यायला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून अठरा जण आले. दोन बाटल्या हव्या होत्या. पहिला मान माझा, असं म्हणत पत्रूभाऊंनी रांग मोडली आणि सुई पाहून खाली बसले. बाटल्या त्यांतल्या डोमा आणि मंगरूनं दिल्या; बिस्किटं पत्रूभाऊंनी खाल्ली.

ऑपरेशन दीड तास चाललं. पुन्हा दिवस गेले तर पुन्हा तिथंच रुजण्याचा धोका, म्हणून नसबंदीही त्याच वेळी केली. तसं प्रेमिलानंच आधी सांगून ठेवलं होतं.

चार वाजता तिनं डोळे उघडले. मनसाराम उशाशी होता. भिंत शिवली, पिशवी राहिली, तू राहिली, असं त्यानं घाईघाईनं सांगितलं. गुंगीतच तिनं त्याच्याकडे पाहिलं.

"मंग रडता काऊन?"

"रडत नाई," तो म्हणाला. "दुपारपासून हसून राह्यलो."