दाराऐवजी लुगडे

पहाटे सड्यावरून, कड्यावरच्या त्या उघड्या कातळ माळावरून, समुद्र दिसत नाही, नुसता ऐकू येतो. मे महिन्याच्या अखेरीची ती पहाट मला वासांच्या क्रमाने आठवते. आधी रात्रभर अंगाला चिकटून राहिलेल्या खाऱ्या हवेचा वास, मग काजूच्या झाडांखाली पडून आंबलेल्या बोंडांचा, आणि उजाडता उजाडता, आम्ही जिच्यात झोपलो होतो त्या गाडीच्या पोटातून येणारा ओल्या लाकडाचा. पहिले दोन वास त्या किनाऱ्याचे होते. तिसरा आमचा होता. तो कालपर्यंत नव्हता, हे माझ्या लक्षात आले होते. त्याचा अर्थ मात्र सूर्य वर आल्यावर, आई आत अडकली तेव्हा कळला.

गाडी म्हणजे एक जुनी मिनीबस. कैक वर्षे ती चाकणच्या कारखान्यांत माणसांना शिफ्टला नेत-आणत होती, आणि आतली बाके काढून टाकल्यावरही तिच्या छतात खोबरेल तेल, वंगण आणि डब्यातल्या भाजीचा एक मिसळलेला वास उरला होता. माझा धाकटा भाऊ दत्ता अशाच एका कारखान्यात टूलरूममध्ये काम करतो. लोखंडी साचे घडवायचे आणि त्यांचे दोन भाग एकमेकांत असे बसवायचे की मधून उजेडही जाऊ नये, हा त्याचा रोजचा व्यवसाय आणि खरे तर त्याचा स्वभावही. फेब्रुवारीपासून सुट्टीच्या प्रत्येक दिवशी तो इमारतीच्या पार्किंगमध्ये या गाडीत वाकून बसलेला असे. चार माणसांना झोपायला फळ्या, एक शेगडी, पाण्याची टाकी, आणि मागच्या कोपऱ्यात एक लहानसे शौचालय. बाकी सगळे त्या शौचालयाभोवती रचलेले होते. गाडी घेण्याचे कारणच ते होते.

आम्ही मूळचे पिंपळे गुरवचे. शेत गेले, शेताच्या जागी इमारती आल्या, त्यांतल्याच एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आई दत्ताकडे राहते. काही वर्षांपूर्वी तिचे पोटाचे ऑपरेशन झाले आणि त्यानंतर ती हळूहळू घराबाहेर पडेनाशी झाली. आधी लांबची लग्ने सुटली, मग जवळची, मग भाजी आणि देऊळ. कुणी विचारले की ती गुडघ्यांवर हात ठेवी. गुडघे ही आपल्याकडे सर्वांना मान्य असलेली सबब आहे. गॅलरीत खुर्ची टाकून ती रस्ता पाहत बसे आणि आम्ही समजत होतो की म्हातारपण असेच येते. दत्ताची बायको वैशाली शाळेत शिकवते, आणि तिला मुलांच्या सबबी ऐकायची सवय आहे. अवेळी वाळत पडणारी लुगडी तिने पाहिली आणि एका संध्याकाळी नवऱ्याला सरळ सांगितले, "तुमच्या आईंचे गुडघे ठणठणीत आहेत. त्यांना लघवी धरवत नाही. वाटेत कुठे जायचं, म्हणून त्या जातच नाहीत."

पुढच्या महिन्यात ती मिनीबस दारात उभी राहिली.

कुठे जायचे ते आईने ठरवले. तिने समुद्र एकदा पाहिला होता, मुंबईला, फार पूर्वी. "बघितला," ती म्हणाली, "पन मधी मानसंच लई. मानसं न्हाईत असा कुठं आसंल तर न्या." म्हणून आम्ही आंबोलीचा घाट उतरून वेंगुर्ल्याला आलो, आणि तिथून किनाऱ्याकिनाऱ्याने खाली, तेरेखोलच्या खाडीच्या दिशेने, थोडे थोडे दक्षिणेला सरकत राहायचे असे ठरले. तो भाग पावसाळ्याच्या तोंडावर ओस असतो. पर्यटक गेलेले, मासेमारी थांबत आलेली. कोळ्यांनी होड्या वाळूवर ओढून घेतलेल्या आणि नारळाच्या विणलेल्या झापांनी झाकायला घेतलेल्या. जांभ्या दगडाचे कडे थेट पाण्यात उतरतात, त्यांच्या तळाशी समुद्र सारखा काहीतरी उचलून आपटत असतो, आणि वर सड्यावर वाळलेले गवत, करवंदीच्या जाळ्या आणि इतके ऊन की सावलीलाही धार यावी.

पहिले दिवस दत्ताच्या विजयाचे होते. शौचालयाचे दार त्याने स्वतः केले होते. प्लायवूडचे, दोन्ही अंगांनी पांढरा सनमायका लावलेले, आणि चौकटीत असे बसवलेले की लावताना आतली हवा दबून एक मऊ, गंभीर आवाज येई. वैशालीने सुचवले होते की सुतार सोडतात तशी जरा फट सोडावी. "सुताराचं काम सुतारानं करावं," तो म्हणाला होता, "मी बोटभर गॅप ठेवत नसतो." आई त्या दारामागे जाई, तो आवाज होई, आणि बाहेर येताना तिच्या चेहऱ्यावर आपल्या घरात असल्याची खात्री असे. शौचालयाखालची मैल्याची टाकी रिकामी करायचे काम दत्ताने कुणाला करू दिले नाही. पेट्रोल पंपावर, एखाद्या लॉजच्या मागे, परवानगी मागून, तो ते एखाद्या नेहमीच्या शिफ्टसारखे, चेहरा न बदलता करून येई.

पण एक गोष्ट मला दुसऱ्या दिवसापासूनच दिसत होती. आम्ही किनाऱ्यावर थांबलो की तिघे खाली उतरत असू, आणि आई खिडकीशी बसून राही. गाडी वाळूत नेता येत नव्हती आणि आई गाडीपासून दूर येत नव्हती. पिंपळे गुरवची गॅलरी आम्ही चाकांवर घालून इथवर आणली होती, इतकाच फरक पडला होता. तिला ते कळत असावे. ती काचेतून पाहत राहायची.

त्या पहाटेनंतर, चहाचे पाणी शेगडीवर असताना, आई आत गेली. दार लावताना नेहमीचा आवाज झाला नाही, कुरकुरून काहीतरी आवळल्यासारखा झाला. मग बऱ्याच वेळाने आतून टकटक ऐकू आली.

"दत्तू, ह्ये हलंना."

"आतून ढकल, आई."

"ढकलतेय की."

"जरा जोरानं."

"आता या वयात तुझ्या दाराशी कुस्ती खेळू व्हय मी?"

वैशालीला हसू आवरेना. "घरातल्या खिडकीची कडी लावायला यांना दोन दिवाळ्या लागल्या," ती दाराला तोंड लावून म्हणाली, "आणि हे दार बघा आई, एकदा बसलं ते बसलंच." आतून आईही हसली. पण दत्ता हसत नव्हता. त्याने दाराच्या कडेवरून अंगठा फिरवला, मग खाली बसून तळाची कड पाहिली, आणि त्याचा चेहरा उतरला. दोन्ही अंगांना सनमायका होता. कडा मात्र त्याने उघड्याच ठेवल्या होत्या. पिंपळे गुरवच्या कोरड्या उन्हाळ्यात त्या कडांना काही झाले नव्हते. इथे त्या दिवसरात्र समुद्राची हवा पीत होत्या. लोखंडाला जे कधी होत नाही ते लाकडाला झाले होते आणि फुगायला त्याने केसाइतकीही जागा ठेवली नव्हती. हा दोष निष्काळजीपणाचा नव्हता. अतिशय काळजी घेणाऱ्या माणसाच्याच हातून तो होऊ शकतो.

बिजागऱ्यांच्या पिना बाहेरून होत्या. त्या काढून, फटीत पेचकस घालून, हातोड्याने ठोकत त्याने आपलेच दार उचकटायला घेतले. आतून बोलणे बंद झाले होते. कडेचा एक ढलपा उडाला, दार सुटले. शेगडीवरचा चहा तोवर आटून गेला होता.

आई डोक्यावरून पदर घेऊन, कुणाकडे न पाहता बाहेर आली आणि सड्यावरच्या एका जांभ्या दगडावर जाऊन बसली. कुणी तिला लागले का, असे विचारले नाही. तिला लागलेले नव्हते. ज्या गोष्टीला ती इतकी वर्षे भीत होती, की आपली ही अडचण चारचौघांत, हातोड्याच्या आवाजासह, जाहीर व्हावी, तीच घडली होती. आणि ती तिच्यासाठी केलेल्या गाडीत घडली होती.

"मागं फिरू," दत्ता मला म्हणाला. तो दार हातात धरून उभा होता. "आजच निघू, ताई. घरी नेऊन नीट करतो, मग पुढच्या वर्षी बघू."

आईने मान वळवली. "कुठं मागं?"

"घरी."

"समुद्र तर बघायचाच ऱ्हायलाय."

"आई, रोज तर दाखवतोय तुला."

"काचंतून दावतोयस. तसा तर टीव्हीत बी दिसतो." समोर, कड्याच्या खाली, पाणी आदळून वर येत होते आणि त्याचा तुषार आमच्यापर्यंत न पोहोचता विरत होता. मग ती उठली. "त्ये हिरवं लुगडं काढ माझं, वैशे. जुनं. आन तू त्ये दार ठिव खाली. त्या जागी लुगडं लाव. त्याला काय फुगायचं न्हाई."

दत्ताने दार पलंगाच्या फळीखाली सरकवले. चौकटीच्या दोन टोकांना तार ताणून त्याने लुगडे लावले, आणि तेही मोजून, दोन्ही बाजूंना सारखे.

त्यानंतर दुपारीच लक्षात आले की आई आतून बोलू लागली आहे. दाराआड गेल्यावर ती गप्प असे, आम्हीही आवाज खाली करत असू. आता लुगड्यामागून तिचा आवाज नेहमीच्या पट्टीत येत होता. चहात साखर कमी घाल, काल वाटेत एका बाईने दिलेले फणसाचे गरे संपवा नाहीतर वास मारतील, दत्तूने अंघोळ केली का. कापड खिडकीतून येणाऱ्या वाऱ्याने आत-बाहेर होत होते. पाहणाऱ्याने पाहिलेच असते तर पाहता आले असते. कुणी पाहत नव्हते, एवढी साधी गोष्ट सिद्ध व्हायला दार निघावे लागले होते.

रेडीच्या खाली, खाडीच्या जरा अलीकडे, एका ठिकाणी रस्ता संपतो. कड्याच्या कुशीत एक लहानसा पुळणीचा तुकडा आहे. तिथे जायला फक्त एक पायवाट उतरते, करवंदीतून, निसटत्या मुरमावरून. गाडी वर ठेवायची आणि पायी जायचे. दत्ता ती वाट उतरून पाहून आला आणि त्याने नकारार्थी मान हलवली. आई तोवर पिशवीत एक कोरडे लुगडे कोंबत होती.

आम्ही उतरलो. पुढे दत्ता, मग वैशालीचा हात धरून आई, मागे मी. गाडी दिसेनाशी झाली तेव्हा आईने एकदा वळून पाहिले. अर्ध्या वाटेवर ती थांबली. तिचा चेहरा मला ओळखीचा होता; काही वर्षांपूर्वी ती एका लग्नाच्या मांडवातून अचानक उठून गेली तेव्हा मी तो पाहिला होता. वैशालीने हळूच विचारले, "वर जायचं का, आई?"

आईने वर पाहिले, खाली पाहिले. "वर बी तितकंच लांब," ती म्हणाली. "आन भिजलं तर भिजलं. फुडं समुद्रच हाय."

आणि ती चालू लागली, पहिल्यापेक्षा भरभर.

खाली एक कोळी होडीवर झापं बांधत होता. एवढ्या जागेत आम्ही पाच माणसे होतो आणि बाकी सगळा समुद्र. मातकट, खवळलेला, आकाशाच्या खालच्या कडेला जांभळट पडत गेलेला. आई वाळूवर थांबली नाही. कोळ्याने ओरडून सांगितले, "आजये, फुडे जाव नको गे! दर्यो खवळलेलो आसा!"

"खवळू दे," आई म्हणाली, "मी बी लांबनं आलेय."

आम्ही दोघींनी तिचे दोन्ही दंड धरले. लाट आली, फुटली, तिचा फेस झाला आणि तो फेस चढत चढत तिच्या कमरेपर्यंत आला. लुगडे फुगले, मग अंगाला चिकटले. दुसरी लाट आली. त्या वाटेवर आधी काही झाले होते की नाही, हे आम्ही तिला विचारले नाही, आणि विचारण्यासारखे काही समुद्राने मागे ठेवले नाही. ती भिजली होती. जशा आम्ही भिजलो होतो, जसा मागे उभा राहून बूट वाचवू पाहणारा दत्ता भिजला होता. तिने ओंजळीत पाणी घेतले, जिभेला लावले आणि तोंड वाकडे केले. "एवढं सगळं आन कामाचं न्हाई," ती म्हणाली, आणि तिथेच, आम्ही कंटाळेपर्यंत, उभी राहिली.

घरी परतल्यावर आठवडाभर पिंपळे गुरवच्या कोरड्या उन्हात ते दार पार्किंगच्या भिंतीला टेकून होते. मग दत्ताने त्याच्या कडांना रंगाचे हात दिले, ढलपा उडालेली जागा भरली आणि पिना बसवल्या. लाकूड आपल्या मापावर परत आले होते. त्याने आईला खाली बोलावले. तिने एका बोटाने दार लोटले. हवा दबल्याचा तो मऊ आवाज झाला. तिने ते पुन्हा उघडले, पुन्हा लोटले.

"ग्वाड बसतंय," ती म्हणाली. "आता काढून ठिव."

दत्ताने माझ्याकडे पाहिले. त्याने पिना काढल्या आणि हिरवे लुगडे पुन्हा तारेवर लावले.

गेल्या रविवारी काळेवाडीत आमच्या नात्यातले एक लग्न होते. दत्ताने सकाळीच मिनीबस धुऊन दारात लावली. आई खाली आली, पायरीवर जरा थांबली, आणि त्या गाडीवरून हात फिरवून पुढे जाऊन तिने रिक्षा थांबवली. हातात पिशवी होती. पिशवीत काय आहे ते आम्हाला माहीत होते. रिक्षात बसताना तिने ती मांडीखाली लपवली नाही, मांडीवर ठेवली. रिक्षा वळली. मागे गाडीच्या उघड्या दारातून हिरवे लुगडे वाऱ्याने जरा बाहेर आले आणि पुन्हा आत गेले.