मामा जागा बघतात

मरणारी माणसं जगात पुष्कळ असतात, पण मेल्यावर जिथं राहायचं त्या जागेची आधी स्वतः जाऊन तपासणी करणारा माणूस माझ्या माहितीत एकच आहे, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. रेल्वेतून इंजिनिअर म्हणून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली. साताऱ्याहून निघालेला हा माणूस बदल्या होत होत शेवटी लखनौला पोचला आणि अलीगंजात स्थायिक झाला. रेल्वेने त्यांना सोडलं, पण तपासणीने काही सोडलं नाही. हॉटेलात गेले की मेन्यूकार्डाआधी ते मुदपाकखाना बघतात. भाजीवाल्याला "भैया, ये लौकी कब की है?" असं विचारतात आणि त्याने आजची म्हटलं तरी देठ पाहिल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवत नाहीत. आमच्या लग्नात मंगलाष्टकं सुरू होणार तेवढ्यात यांनी मांडवाचा एक खांब हलवून बघितला. तो हलला. मग कंत्राटदाराला बोलावून खांब ठोकून होईपर्यंत मी हातात हार घेऊन अंतरपाटासमोर उभा होतो.

इंदिरा नगरला आम्ही फ्लॅट घेतला तेव्हा सगळे पेढे खात होते आणि मामा न्हाणीघरात होते. त्यांनी बादलीभर पाणी ओतलं, ते कुठं जातं ते बराच वेळ पाहिलं आणि बाहेर येऊन सांगितलं, "जावईबापू, त्या कोपऱ्यात पाणी थांबतंय." तोवर मला तो कोपरा कधी दिसला नव्हता. आता आंघोळीला गेलं की दुसरं काही दिसत नाही.

गेल्या हिवाळ्यात मामांना पेसमेकर बसवला. आम्ही सगळे घाबरून बसलो होतो. मामांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "ऑपरेशन थिएटरचं दार नीट लागत नाही." मग जरा दम घेऊन म्हणाले, "आता आपल्या जागेचं बघायला हवं." मला वाटलं ग्लानीत बोलतायत. पण ग्लानीत नव्हते. मलिहाबादच्या रस्त्यावर कुणीतरी आपल्या आंब्याच्या बागेचा एक तुकडा स्मृतिवन म्हणून काढला आहे, तिथं एकेका झाडाखाली अस्थी पुरून वर छोटीशी पाटी लावतात, ही माहिती त्यांनी शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाकडून डिस्चार्जच्या आधीच मिळवली होती. मी गोमतीचं नाव काढलं तर म्हणाले, "तिचं पाणी पाहिलंय का तुम्ही?" प्रयागला गर्दी. साताऱ्याला न्यावं तर तिथं आता ओळखीचं कोण उरलंय? मलिहाबाद मात्र जवळ, शांत, सावलीचं. शिवाय मामी आणि ते, दोघांना एकाच झाडाखाली जागा मिळणार होती. राहता राहिला प्रश्न झाडाचा, आणि तो सोडवायला माझे रविवार लागले.

दर रविवारी सकाळी मी अलीगंजहून मामा-मामींना गाडीत घालायचं, मलिहाबाद गाठायचं आणि मामा झाड तपासतील तोवर उन्हात उभं राहायचं. पहिल्याच दिवशी ते तोंडावर रुमाल टाकून एका झाडाखाली सरळ आडवे झाले. बागेचा मॅनेजर धावत आला.

"साहब, लेटिए मत. यहाँ तो सिर्फ़ अस्थियाँ रखी जाती हैं."

"तो बिना लेटे हमको पता कैसे चलेगा?" मामा रुमालाखालून म्हणाले.

मग त्यांनी शेजारी कोण आहे ते विचारलं. एक जजसाहेब आहेत असं कळल्यावर उठले, कपडे झटकले आणि मला म्हणाले, "नको. हे लोक समोरच्याला बोलू देत नाहीत." दुसरं झाड दशहरीचं होतं. जूनमध्ये आंबे उतरवायला माणसं चढणार, आरडाओरडा करणार, म्हणून तेही गेलं. मी म्हटलं, "मामा, राखेला काय कळणार आहे?" त्यावर त्यांनी माझ्याकडे, तिकीट नसलेल्या माणसाकडे पाहावं तसं पाहिलं.

एवढं होऊनही काही झाडं मामांच्या परीक्षेत उतरायची. तेव्हा ते गाडीत बसलेल्या मामींना हाताला धरून आणायचे आणि "बघ बरं" म्हणून बाजूला उभे राहायचे. मामी चष्मा पुसून झाडाभोवती एक फेरी मारायच्या. "इथं मुंग्या आहेत हो." किंवा, "रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येतायत." झालं. डॉक्टरांशीसुद्धा वाद घालणारा हा माणूस मामींपुढे एक शब्द बोलायचा नाही. आम्ही परत फिरायचो.

ऐन मे महिन्यात माझा संयम सुटला. मामा बागेतून आल्यावर झोपले होते, मामी चहा करत होत्या. मी स्वयंपाकघरात जाऊन म्हटलं, "मामी, एक झाड पास करून टाका हो. मुंग्या कुठे नसतात?"

मामींनी गॅस बारीक केला. "जावईबापू, आमच्या बदल्या कशा व्हायच्या ठाऊक आहे? हे पुढं जायचे. क्वार्टर बघायचे, नळ दुरुस्त करून घ्यायचे. सगळं मनासारखं झालं की कळवायचे, आता ये. तोवर मी मागं, बांधलेल्या सामानात. कधी महिना, कधी पोरांची शाळा संपेपर्यंत." त्या चहा गाळू लागल्या. "जागा पसंत पडली की हे निघतात. म्हणून मी पसंत पडू देत नाही."

चहा घेऊन मी घरी आलो.

पुढच्या रविवारी मामांना हवं तसं झाड सापडलं. बागेच्या पार टोकाला, दाट सावलीचं, शेजारी कुणी नाही. मामा लहान मुलासारखे खूष झाले. मामी आल्या, फेरी मारली, खाली पाहिलं, वर पाहिलं, कान देऊन उभ्या राहिल्या. काहीच सापडेना. त्यांनी पुन्हा चष्मा पुसायला घेतला.

"मामा," मी म्हणालो, "इथं मोर फार ओरडतात."

"मोर?" मॅनेजर म्हणाला. "यहाँ मोर कहाँ, साहब..." मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुढचं विसरला.

मामा ऐकत राहिले. बागेत पानसुद्धा हलत नव्हतं. मग त्यांनी मामींना विचारलं, "ओरडतात का गं?"

"फार ओरडतात," मामी म्हणाल्या.

मामांनी त्या झाडाकडे एकदा मनापासून पाहिलं, रुमालाची घडी करून खिशात ठेवली आणि मामींचा हात धरून गाडीकडे चालू लागले. मी मागून चालत होतो. या माणसाला मनासारखी जागा कधीच मिळू नये, असं मला त्या उन्हात अगदी आतून वाटलं.