उचलून उघडायचं दार

आमच्या वाचनालयाचं दार उघडताना सुमनताई ते आधी जरासं वर उचलतात आणि मग ढकलतात. बिजागऱ्या सैल झाल्यामुळे दार फरशीला घासतं. वाचनालयाच्या अध्यक्ष म्हणून इतकी वर्षं ये-जा केल्यावर, आपण दार उचलतो हे त्यांच्या लक्षातही येत नसावं.

यंदा अध्यक्षपदाच्या निवडणुकीत त्यांच्याविरुद्ध जोशीबाई उभ्या आहेत. गावात राहायला येऊन त्यांना फार दिवस झालेले नाहीत. काल त्या मतं मागायला आल्या, दार ढकललं आणि ते मध्येच अडलं.

"हे कुणी दुरुस्त का करत नाही?" त्यांनी फटीतूनच विचारलं.

दार मोडलंय असं आत वाचत बसलेल्या आम्हा कुणाला कधी वाटलंच नव्हतं.

टीव्हीवर दूरदूरच्या देशांतल्या अध्यक्षांवरून वाद चालतात, की राजकारणात मुरलेला उमेदवार बरा की बाहेरून आलेला. मी ते ऐकत जेवते आणि विसरते. काल मात्र तो सगळा वाद आमच्या उंबऱ्यावर येऊन अडकला होता.

सुमनताई उठल्या. त्यांनी सवयीने दार उचललं आणि क्षणभर स्वतःच्याच हाताकडे बघत राहिल्या. मग जोशीबाईंचा हात धरून त्यांनी कडीवर ठेवला.

"आधी थोडं उचलायचं," त्या हळूच म्हणाल्या. "आणि निवडून आलात तर सुतार पहिल्याच आठवड्यात बोलवा. नंतर हाताला सवय होते."