नव्या होडीत दोघं

लाँड्रीवाल्या काकूंनी नवा गेम बघण्याआधीच ठरवून टाकलं होतं, की तो आवडून घ्यायचा नाही.

कारण सरळ होतं. टीव्हीवरच्या जुन्या गेममध्ये होडी चालवायला दोन माणसं लागत. काकू सुकाणू धरत, काका वल्हं मारत. होडी म्हणजे एक चौकोन, मासे म्हणजे त्याहून लहान चौकोन, आणि पाण्यात काकांच्या मते कुणीतरी नीळ जास्त टाकली होती. दुकानात मोठ्या चादरीची दोन टोकं धरून दोघं घडी घालत, तेव्हा काकू जे हुकूम सोडत तेच होडीतही चालत. "धरा. ओढा. सोडा." काका एरवी कुणाचं ऐकत नसत.

सुनेनं आणलेल्या दुसऱ्या भागात मात्र होडीला मोटर होती. एकाच माणसाचं काम. शिवाय त्याला यंत्रही नवं लागे, आणि टीव्हीखाली जागा एकाच यंत्राची.

"आई, खेळून खरं सांगायचं हं. नवा आवडला तर जुना माळ्यावर."

"कशाला आवडतोय," म्हणत काकूंनी कंट्रोलर घेतला.

पुढं जे झालं त्याला त्यांचा इलाज नव्हता. पाणी इतकं ओलं दिसत होतं की काकांनी पाय वर घेतले. माशांना डोळे होते, डोळ्यांना पापण्या.

"माशाला पापण्या कुठं असतात?" काका म्हणाले.

"असू द्या की, शोभतात," काकू म्हणाल्या. तेवढ्यात होडी धबधब्यावरून उडाली आणि तिच्याबरोबर काकूही सोफ्यावरून वीतभर उडाल्या.

"कसा आहे?" सुनेनं विचारलं.

"बरा आहे."

"आई, खरं."

"चांगला आहे गं मेला. फारच चांगला आहे." आणि त्यांची नजर काकांच्या रिकाम्या हातांकडे गेली. "पण यांनी काय करायचं?"

"मी बघतो की," काका म्हणाले.

"बघायला तुम्ही काय पाहुणे आहात? धरा."

कंट्रोलरची डावी बाजू काकूंनी स्वतःकडे ठेवली, उजवी काकांच्या हाती दिली. डावीकडे वळणं, उजवीकडे वेग.

"ओढू?"

"ओढा."

काकांनी असा काही जोर लावला की होडी बदकांच्या रांगेतून सुसाट निघाली, पुलाला घासली, काठावर चढली आणि कुणाच्या तरी गोठ्याची भिंत पाडून आत घुसली. गाय वळून बघायला लागली.

"सोडा म्हटलं ना."

"कुठं म्हणालीस? तू तर नुसती हसतेयस."

सून हसता हसता जमिनीवर बसली. "जुन्यात तुम्ही असे आपटत नव्हता."

"जुना येत होता ना आम्हाला," काका मोठ्या अभिमानानं म्हणाले आणि होडी उलटी काढताना गोठ्याची दुसरी भिंतही पाडली.

"मग आई, जुना माळ्यावर टाकायला काढू का?"

काकूंनी डोळे पुसले. "काढ. पण आधी ही आमच्या मधली उशी काढ. यांना इकडं सरकू दे."